रुजू, मध्यान्हपूर्व

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक भिंत समोर आणा. सरकारी कचेरीतली भिंत. वर पिवळट, खाली येणाऱ्याजाणाऱ्यांचे खांदे घासून काळपट झालेली. तिच्यावर एक लाकडी फळा, फळ्याला जाळीचं दार, दाराला कुलूप. जाळीआड एक कागद टाचलेला आहे आणि त्यावर माणसांची नावं एकाखाली एक लिहिली आहेत. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावतात ना, तशीच ही रांग. फक्त इथे उंची मोजत नाहीत, कोण आधी नोकरीला लागलं ते मोजतात. हिला ज्येष्ठता यादी म्हणतात. वरची जागा रिकामी झाली की रांगेतला पहिला तिथे जातो. आता त्या फळ्यासमोर एक माणूस उभा करा. वय अठ्ठेचाळीस, केस कानांवर पांढरे, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून धरून पडलेला घट्टा. त्याचं नाव यादीत दुसरं आहे. तो रोज सकाळी येतो, दुसरं नाव वाचतो, मग पहिलं वाचतो आणि जागेवर जाऊन बसतो. यादी अजून कच्ची आहे. कुणाची हरकत असेल तर त्यानं पंधरा दिवसांत, संध्याकाळी पाचच्या आत लेखी द्यावी, असं तळाशी लिहिलंय. आज पंधरावा दिवस आहे. बघितलात त्याला? त्याचा हात सारखा पिशवीकडे जातोय, कारण पिशवीत ती हरकत आहे. चला, आता त्याच्या डोक्यात शिरू. पावलं वाजवू नका, तो आधीच दचकलेला आहे.

दचकायचं कारण साधंच होतं. मागून शिपाईमामा म्हणाले, “काय धाकटे, पाठ झाली का नाही यादी? का परीक्षा घेऊ?” आणि स्वतःच हसले. त्याला कचेरीत सगळे धाकटेच म्हणत. पहिलं नाव ज्याचं होतं त्याला थोरले. दोघं बावीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी कामाला लागले, एकाच वर्षी एकाच महिन्यात जन्मलेले, थोरला फक्त अकरा दिवसांनी मोठा. तेव्हाच्या मुख्य आरेखकांनी, म्हणजे नकाशे काढणाऱ्यांच्या प्रमुखांनी, पहिल्याच आठवड्यात गमतीनं ही नावं ठेवली आणि ती गोंदल्यासारखी बसली. दोघं शेजारीशेजारी बसत, एकच दिवा मधे ओढून घेत, शहराच्या पाण्याच्या नळांचे जुने जीर्ण नकाशे नव्या कागदावर उतरवत. आधी ट्रेसिंग कागदावर शाईनं, आता बरंचसं संगणकावर, पण फार जुने नकाशे अजून हातानंच. बावीस वर्षं ती एक थट्टा होती. थोरल्यानं आधी चहा घ्यायचा, धाकट्यानं कप उचलायचे, असली. आता मुख्य आरेखकाची जागा रिकामी झाली आणि कुणीतरी नियमाचं पुस्तक उघडलं: रुजू होण्याचा दिवस एकच असेल तर वयानं मोठा तो वर. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत मी काय करत होतो, असा वेडगळ प्रश्न त्याला हल्ली आंघोळ करताना पडे. आईच्या पोटात होतो. आणि गंमत अशी की महिना एकच असल्यानं दोघं निवृत्तही एकाच दिवशी होणार होते, महिनाअखेरीला, एकाच हारात मान घालून. म्हणजे थोरल्यानंतर आपण, असा काही प्रकारच नव्हता. आज नाही तर कधीच नाही. तळहाताला खाज सुटली. त्यानं तो पॅन्टला घासला आणि जिना चढू लागला.

पण दिवस एकच नव्हता. हे जगात फक्त त्याला माहीत होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. थोरल्याला आठवत असेल का, या विचाराशी तो पंधरा दिवस जिभेनं हलता दात ढकलावा तसा खेळत होता. त्या पहिल्या दिवशी तो स्वतः साडेनऊलाच दारात हजर होता, नवी चप्पल टाच कापत होती, खोलीत शाईचा आणि ओल्या कापडाचा वास होता. मोठ्या कारकुनानं सांगितलं, रुजू अहवाल लिहा. म्हणजे मी आलो, कामाला लागलो, असं कागदावर लिहून द्यायचं. त्यात दिवसाबरोबर वेळही लिहावी लागते. बाराच्या आत आलात तर मध्यान्हपूर्व, आणि तोच दिवस धरतात. बारानंतर आलात तर मध्यान्होत्तर, आणि तुमची नोकरी दुसऱ्या दिवसापासून मोजतात. त्यानं आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं करून दिलं. दुपारी सव्वादोनला दारात एक उंच, घामानं निथळणारा मुलगा उभा राहिला. काय लिहायचं ते त्याला कळेना. हातातलं नेमणुकीचं पत्र घामानं मऊ झालं होतं. यानंच आपला कच्चा कागद पुढे सरकवला. “हे बघून लिही,” म्हणाला, “नाव तेवढं तुझं घाल.” आणि त्या मुलानं अक्षर न् अक्षर उतरवलं. नाव बदललं, बाकी सगळं तेच. मध्यान्हपूर्वसुद्धा. मोठ्या कारकुनानं न वाचता सही ठोकली. यानं तो शब्द पाहिला होता. शाई वाळायच्या आत पाहिला होता. पोटातून हसू आलं होतं आणि त्यानं ते गिळलं, कारण ओळख होऊन दहा मिनिटं झाली होती, आणि समोरचा मुलगा इतका घाबरलेला होता की त्याची चूक दाखवणं हे पडलेल्याला लाथ मारण्यासारखं वाटलं. एक दिवसानं काय फरक पडणार होता?

थोरल्याचा तो स्वभावच निघाला. जे समोर असेल ते जसंच्या तसं उतरवायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. एका जुन्या नकाशावर चहाचा गोल डाग होता. थोरल्यानं तोही इतक्या इमानानं काढला की पुढे खोदाईवाली माणसं दोन दिवस त्या चौकात पाण्याची टाकी शोधत होती. कचेरी आठवडाभर हसत होती. तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, “डाग आहे हे मला कोण सांगणार?” धाकटा हे सगळं आठवत जागेवर येऊन बसला तेव्हा थोरल्यानं न बघता दिवा त्याच्याकडे अर्धा सरकवला, नेहमीसारखा. हे नेहमीसारखं असणंच असह्य होत होतं. माणसानं वाकडं बोलावं, तुसडेपणा करावा, म्हणजे पिशवीतला कागद बाहेर काढायला हात हलका होतो. घरी बायकोनं यादी लागल्याच्या तिसऱ्या दिवशीच विचारलं होतं. ती दवाखान्यात परिचारिका, उभ्याउभ्या केस विंचरत म्हणाली होती, “खोटं लिहायचंय का काही? नाही ना? मग? का तुम्ही जन्मभर धाकटेच राहणार?” आरशातून बघत म्हणाली, म्हणून जास्त लागलं. त्यानं हरकत लिहायला घेतली. सदर कर्मचारी त्या दिनांकास दुपारी सव्वादोन वाजता उपस्थित झाले, मी स्वतः तेथे हजर होतो, सबब त्यांचा रुजू दिनांक पुढील दिवसाचा धरावा. चार वेळा पक्की केली. प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि तरी प्रत्येक वेळी कागद दुमडताना काहीतरी बाहेर राहिल्यासारखं वाटे, पेटीचं झाकण नीट न बसल्यासारखं. कच्चा कागद मीच दिला होता, चूक मी तेव्हाच पाहिली होती, हे त्यात नव्हतं. त्याची गरज काय, असं तो स्वतःला दर वेळी विचारी. त्यांनी विचारलं तर सांगू.

आज आणखी एक भर होती. बायकोची दिवसपाळी आणि मुलीची शाळा अर्धा दिवस, म्हणून दुपारपासून मुलगी कचेरीत होती. दहा वर्षांची, घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी दोन मिनिटं ठरत नसे. आल्याआल्या तिनं सगळ्यांच्या खुर्च्या फिरवून पाहिल्या, शिपाईमामांना त्यांची मिशी खरी आहे का विचारलं, आणि मग थोरल्यानं तिला आपल्याजवळ बोलावून ट्रेसिंग कागदाचा तुकडा दिला. “हा कागद खालचं सगळं दाखवतो,” थोरला तिला सांगत होता. “आपण फक्त त्याच्यावरून जायचं. घाई नाही. रेघ तुला कुठे नेते ते बघायचं.” “आणि रेघ चुकलेली असेल तर?” “तर आपणही चुकायचं.” “हॅ! मग बाई ओरडतील.” “इथे बाई नाहीत ना, म्हणून तर मी इथे आलो.” ती खळखळून हसली. बापाच्या कानाची पाळी गरम झाली. थोरल्याला मूल नव्हतं, आणि मुलांशी बोलताना त्याचा आवाज वेगळाच होई, एखाद्या खोलीची बंद खिडकी उघडल्यासारखा. हा आवाज बंद होईल, त्याच्या मनात आलं. कागद दिला की हा आवाज माझ्या मुलीसाठी बंद होईल. मग लगेच दुसरं मन म्हणालं, होऊ दे, बावीस वर्षं दिव्याचा अर्धाच उजेड घेतलास. चार वाजले. सव्वाचार. तो उठला, पाणी प्यायला, बसला. पुन्हा उठला. नळाखाली तोंड धुतलं. प्रसाधनगृहाच्या आरशात एक माणूस दिसला, त्याचं तोंड किंचित उघडं होतं, काही विचारायला आल्यासारखं. तो तिथे बराच वेळ थांबला. पाच वाजून गेले तर बरं, असं मनातल्या कुठल्यातरी कोपऱ्याला वाटतंय, हे लक्षात येऊन तो स्वतःवरच चिडला आणि तरातरा परत आला.

खोलीत फार शांतता होती. भिंगरी जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून ट्रेसिंग कागदावर वाकली होती आणि थोरला तिच्या खांद्यामागून बघत उभा होता. रेघांचा कंटाळा आला म्हणून तिला अक्षरं हवी झाली होती, चांगल्या वळणाची, आणि बाबांसारखं वळण कुणाचंच नव्हतं. म्हणून तिनं बाबांच्या पिशवीतला कागद काढून आपल्या कागदाखाली घातला होता. हरकतीचा अर्ज उतरवून जवळजवळ संपला होता. “बाबा, हे बघा, सेम टू सेम!” ती म्हणाली. “सबब म्हणजे काय?” त्यानं खुर्चीची पाठ धरली. थोरल्यानं वर पाहिलं नाही. तो शेवटची ओळ वाचत होता, किंवा वाचून झाल्यावर नुसताच तिथे थांबला होता.

“सव्वादोनच वाजले होते,” थोरला म्हणाला. “बरोबर लिहिलंयस.”

“तुला आठवतं?”

“विसरायला काय झालं?” त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “दोन-तीन वर्षांनी एकदा फायलीत तो कागद पाहिला, तेव्हा कळलं मी काय लिहून बसलोय. म्हटलं, तुला सांगावं. मग म्हटलं, तुला माहीतच असणार, कच्चा कागद तुझाच. तू बोलत नाहीस म्हणजे तुला चालतंय. मग रोज वाटायचं, आज बोलेल. यादी लागल्यापासून तर तू खोकलास तरी मी दचकतो.”

“मग तू का नाही बोललास?”

“तू का नाही बोललास?” थोरला म्हणाला, आणि दोघांनाही एकदम हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. “सगळं खरं आहे यात, धाकट्या. एक वाक्य राहिलंय, एवढंच. ते तुझं तू बघ. पण द्यायचं तर आत्ता दे, वीस मिनिटं उरलीत. उगीच माझ्याकडे बघत उभा राहू नकोस, मला कसंतरी होतं.”

बघा, आता इथे मोठी माणसं काय करतात? ती गप्प बसतात. खिडकीबाहेर बघतात. पंख्याचा आवाज ऐकतात. पण भिंगरी मधेच बसली होती आणि तिनं तो कागद आत्ताच स्वतःच्या हातानं शेवटपर्यंत लिहिला होता, त्यामुळे त्यातलं बरंच तिला कळलं होतं. तिनं असं काही विचारलं जे बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. बापानंसुद्धा नाही.

“थोरलेकाका, पहिल्याच दिवशी तुम्हाला उशीर का झाला?”

थोरला खिडकीपाशी गेला. “उशीर नव्हता झाला,” तो म्हणाला. “अकरालाच आलो होतो. त्या तिथे उभा होतो. समोरच्या फुटपाथवर, ते दिव्याचे दोन खांब आहेत ना, त्यांच्या मधे.” दोघंही त्याच्या शेजारी येऊन बघू लागली. “ही खिडकी दिसत होती. तुझा बाबा दिसत होता, वाकून लिहिताना. इतका वाकला होता की मला वाटलं म्हातारा माणूस आहे. आणि मनात आलं, आत गेलो की आपणही असेच वाकणार. तीन तास उभा होतो. एक बस गेली की म्हणायचो, पुढची आली की चढायचं आणि परत जायचं. पुढची यायची, जायची. मग ऊन डोक्यावर आलं, तहान लागली, आणि पाणी प्यायला म्हणून आत आलो.” तो थोडा थांबला. “मध्यान्हपूर्वच होतं तसं. फक्त रस्त्यापलीकडे.”

बाप त्या दोन खांबांकडे बघत राहिला. रोज येताजाता तो त्यांच्यामधून चालत होता. त्याला त्या दिवशीचा आपला वाकलेला पाठीचा कणा बाहेरून दिसला, सव्वीस वर्षांच्या मुलाचा, आणि मानेमागे बावीस वर्षं कुणीतरी बघत असल्यासारखी एक शिरशिरी गेली. आपण ज्या खुर्चीसाठी घाईघाईनं साडेनऊला आलो, तिच्याकडे बघून एक माणूस तीन तास घाबरत उभा होता. त्या घाबरलेल्याला आपण एक कागद दिला. त्याला आत ओढायला दिला होता का? की आपल्या शेजारी कुणीतरी असावं म्हणून? काय दिलं होतं आपण नक्की? कळेना. कपाळाच्या आत काहीतरी वेगानं फिरत होतं आणि कुठेच टेकत नव्हतं.

“कुठल्या दोन खांबांमधे? मी बघून येते,” भिंगरी म्हणाली आणि ते काही म्हणायच्या आत जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली गेला. “रस्ता नीट ओलांड!” दोघंही एकदमच ओरडले.

ती पलीकडे पोचलेली दिसली तेव्हा तो टेबलापाशी आला. मूळ अर्ज ओढला. सहीच्या वर दोन बोटं जागा होती. त्यानं लिहिलं: सदर अहवालाचा मसुदा मीच त्यांना दिला होता, त्यातील चूक त्याच दिवशी माझ्या लक्षात आली होती व मी ती कोणालाही सांगितली नाही. अक्षर वाकडं आलं. त्याचं अक्षर कधी वाकडं येत नसे. त्यानं कागद थोरल्यापुढे धरला. थोरल्यानं वाचला, पेन मागून घेतलं आणि त्याखाली लिहिलं, वरील मजकूर खरा आहे, आणि सही केली. आलेले कागद घेतात त्या आवक खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटासुलटा केला. “अहो धाकटे, हे खाली काय खरडलंत? आणि थोरल्यांची सही? हे वर गेलं की तुमची दोघांचीही चौकशी लागेल. मग दोघांनाही वगळून तिसऱ्याला वर घेतील, कळतंय ना?” “कळतंय,” तो म्हणाला. “तिसरं नाव कुणाचं आहे?” बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. “पंधरा दिवस फळ्यासमोर उभे होतात, आणि तिसरं नाव माहीत नाही?” खरंच माहीत नव्हतं. त्याची नजर दुसऱ्या ओळीखाली कधी गेलीच नव्हती. “माझं नाही, एवढं खरं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला. घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती.

तो परत आला तेव्हा थोरला खिडकीतच उभा होता. “बघ, बघ,” तो हळूच म्हणाला, झाडावर पक्षी दिसल्यावर म्हणतात तसं. पलीकडच्या फुटपाथवर दोन खांबांच्या बरोबर मधे भिंगरी उभी होती. हात मागे बांधलेले, मान वर, आणि ती या खिडकीकडे बघत होती. घरात दोन मिनिटं न ठरणारी ती पोर मुळीच हलत नव्हती. त्यानं हात केला. तिनं केला नाही. काहीतरी तपासत असावी तशी ती बघत होती. एक बस येऊन थांबली आणि त्यांच्यामधे आडवी झाली. बस गेली. भिंगरी तिथेच होती. मग तिनं खाली वाकून चपलेत शिरलेला खडा झटकला, चप्पल घातली, आणि मुलांनो, ती कचेरीकडे आली नाही. तिनं पाठ फिरवली आणि हात जोरजोरात हलवत, एकदाही मागे न बघता, फुटपाथवरून सरळ चालायला लागली. तेव्हा त्या दोघांनी पिशव्या उचलल्या आणि एकमेकांना ढकलत जिन्याकडे धावले.